काम करता करता देव भेटतो, की नुसतं कामच भेटतं?

ताई, तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य दोन दिवस डोक्यात घोळतंय. "आजी म्हणायची, काम करता करता देव भेटतो. मला तर कामच भेटतं." वाचून आधी खळखळून हसले आणि मग जरा वेळ गप्प बसले. वॉर्डात असताना हेच वाक्य मी कितीदा तरी मनात म्हटलं असेल, फक्त इतकं नेमकं जमलं नव्हतं.

बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगते. ताईंचं वय ३४, पुण्यात बँकेत नोकरी, मुलगा ४ वर्षांचा. सासूबाईंचे गुडघे बदलून दोन महिने झालेत. नवरा सकाळी ८ ला जातो, रात्री ९ ला येतो. आजोळी काकड आरती, आजीच्या ओव्या, तिन्हीसांजेचा हरिपाठ असं सगळं बघत त्या वाढल्या. आता दिवा लावताना एका हातात काडेपेटी आणि दुसऱ्या हातात ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप. हरिपाठ सुरू केला की पाचव्या अभंगाला कुकरची शिट्टी, सातव्याला पोराचं रडणं. आनंद दूरच, उलट "देवाचंही एक काम राहिलंय" असं ओझं वाटतं. आणि शेवटी विचारलंय की रोजच्या घरकामात नि नोकरीत श्रद्धा, आनंद, काही शिकवण सापडते असं लोक सांगतात, ते खरं की बोलण्यापुरतं?

माझ्याबद्दल एवढंच की मी ३३ वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका होते. लग्नानंतर दोनेक वर्षांत माळ घातली, म्हणजे जवळजवळ सगळी नोकरी माळकरी म्हणून केली. कीर्तन करत नाही, संतसाहित्याचा अभ्यास म्हणावा असाही नाही. जे सांगतेय ते वॉर्डात आणि ओट्यापाशी चुकतमाकत कळलेलं आहे.

मला तुमची अडचण अशी दिसते. तुम्ही दिवसातून एक तुकडा कापून देवासाठी बाजूला ठेवू बघताय आणि तो तुकडा रोज कुणीतरी पळवतंय. अशा वेळी माणूस दोनांपैकी एक करतो. एक तर तो तुकडा भांडून मिळवतो आणि हरिपाठ म्हणताना घरच्यांवर डोळे वटारतो. नाहीतर सगळ्याच कामांवर देवाचं नाव पसरून देतो, हात काम करतायत आणि ओठ पुटपुटतायत. मी दोन्ही करून पाहिलंय. दुसऱ्या प्रकारात तर एका माणसाच्या जिवाशी खेळ झाला असता. ती गोष्ट पुढे सांगते.

त्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. तुमच्या घरची परिस्थिती मला पूर्ण माहीत नाही आणि उत्तर त्यावर बरंच अवलंबून आहे.

पहिली गोष्ट भांड्यांची. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं की घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. यात गंमत अशी की हे ९७ सुद्धा जे पुरुष थोडंफार करतात त्यांचे. काहीच न करणारे यात धरलेले नाहीत. तुमच्या पत्रात नवरा कधी जातो नि कधी येतो एवढंच आहे, आल्यावर काय करतो ते नाही. रविवारी काय करतो तेही नाही. श्रद्धेचा म्हणून आलेला प्रश्न अनेकदा भांड्यांचा निघतो. तो तसा असेल तर त्याला नामस्मरणाचा लेप लावू नका. आधी भांडी वाटून घ्या. विठोबा त्यात राग मानणार नाही. जनाबाईच्या दळणाला तो स्वतः बसला म्हणतात. त्याला घरकामाची लाज नव्हती, तर तुमच्या यजमानांना का असावी?

दुसरी गोष्ट सिस्टर म्हणून सांगते, माळकरी म्हणून नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ झोप उडाली असेल, भूक मेली असेल, कारण नसताना रडू येत असेल, पूर्वी आवडणारं काहीच आवडेनासं झालं असेल, तर तो आजार असू शकतो. तिथे अभंग पुरत नाहीत. डॉक्टरकडे जायचं. कुणाला सांगावंसं वाटत नसेल तर मनाच्या आजारांसाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. "देवाचं नाव घे, बरं वाटेल" असं सांगून घरच्यांनी वर्ष काढलेले पेशंट मी पाहिले आहेत. नाव घेणारी माणसंही आजारी पडतात.

हे दोन्ही बाजूला ठेवून पुढचं वाचा.

तुमच्या आजीचं आधी बघू. माझी आई बार्शीकडच्या खेड्यातली, पहाटे चारला जात्यावर बसायची. एका हातानं खुंटा, दुसऱ्या हातानं मूठभर ज्वारी. पहिली ओवी देवाला, मग गावाला, मग भावाला. त्यानंतर खरं सुरू व्हायचं. सासूनं काय म्हटलं, दिवाळीला माहेरचं कुणी आलं नाही, पोरगी सासरी कशी असेल. विठ्ठलाचं नाव अधूनमधून यायचं, पण आपलं म्हणणं ऐकून घेणारा म्हणून. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी गावोगावच्या कार्यकर्त्या बायकांना घेऊन अशा ओव्या गोळा केल्या, त्यांचा आकडा एक लाखाच्या वर गेला. त्यातल्या थोड्या जरी ऐकल्यात तरी कळेल की जात्यावर भक्ती आणि तक्रार एकाच पिठात मळलेली असायची.

म्हणजे आजीला कामात देव भेटत होता तो कामाकडे कानाडोळा करून नव्हे. दळण हे हाताला पाठ झालेलं काम. हात फिरतोय, लय आपोआप बसलीय, मन मोकळं आहे. त्या मोकळ्या मनात ओवी आली. आजीला जर कुणी सांगितलं असतं की ओव्या म्हणत म्हणत बँकेची रोकड मोज, तर तिनं एकतर ओवी चुकवली असती किंवा पैसे.

हे मला फार महागात कळलं. नोकरीला पाच-सहा वर्षं झाली होती, माळ नवी होती आणि उत्साह दांडगा होता. ठरवलं होतं की श्वासागणिक नाव घ्यायचं. रात्रपाळी, पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड, ४० खाटा आणि आम्ही दोघी. मी गुणगुणत औषधांचा ट्रे घेऊन फिरत होते. एका मधुमेहाच्या पेशंटपाशी आले, इन्सुलिन भरलं, दंडाला स्पिरीट लावलं आणि खाली सतरंजीवर झोपलेली त्याची म्हातारी आई उठून म्हणाली, "बाई, मघाशीच दिलंत की." मी थांबले. चार्ट बघितला, सही नव्हती. ट्रेमध्ये वापरलेली सिरींज मात्र होती. अर्ध्या तासापूर्वी मीच इंजेक्शन दिलं होतं आणि गुणगुणण्याच्या नादात सही करायची विसरले होते. दुसरा डोस गेला असता तर पहाटेपर्यंत त्याची साखर कुठे उतरली असती, ते आजही मनात आणवत नाही. तो वाचला त्याच्या आईच्या जागरणामुळे. माझ्या नामस्मरणानं तर घात व्हायचा बाकी होता.

त्यानंतर गोरोबाकाकांची गोष्ट मला वेगळी ऐकू यायला लागली. तेरचे गोरा कुंभार माती तुडवताना विठ्ठलाच्या नावात इतके रंगले की रांगत आलेलं स्वतःचं पोर पायाखाली आलं ते त्यांना कळलं नाही. कीर्तनात ही गोष्ट आली की बायका डोळ्यांना पदर लावतात, बुवा तल्लीनतेचं कौतुक करतात, पुढे विठ्ठल मूल जिवंत करून देतो आणि टाळ वाजतात. मला आता ही गोष्ट ऐकताना त्या पोराची आईच दिसते. पाणी आणायला गेलेली, "जरा लेकराकडं बघा" म्हणून सांगून गेलेली. परंपरेनं गोरोबांना सगळ्यांचे काका केलं, मोठा मान दिला, पण ती आईही गोष्टीतून काढून टाकली नाही, तिचा संतापही राहू दिला. ही गोष्ट मुद्दाम एवढी भयंकर ठेवली असावी असं माझं मत आहे. बुवांना पटेलच असं नाही.

तर माझ्या हिशोबानं कामाचे दोन ढीग होतात.

एक ढीग हाताला पाठ असलेल्या कामांचा. पोळ्या, भांडी, कपडे वाळत घालणं, मेथी निवडणं, बसमधला पाऊण तास. यात खुशाल नाव घ्या, अभंग लावा, ओवी म्हणा, नाहीतर गप्प राहा. हरिपाठाचे २७ अभंग एका बैठकीत झाले पाहिजेत असा हट्ट सोडा. चार पोळ्यांसोबत, बाकीचे बसमध्ये. माझे बहुतेक हरिपाठ एसटीत खिडकीपाशी झाले आहेत.

दुसरा ढीग सगळं लक्ष मागणाऱ्या कामांचा. औषधं देणं, पैसे मोजणं, गाडी चालवणं, कुणाचं दुखणं ऐकून घेणं, पोरगा काहीतरी महत्त्वाचं सांगत असणं (चार वर्षांच्या मुलाचं सगळंच महत्त्वाचं असतं, ते वेगळं). इथे नाव नको. आम्हाला ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलेलं असतं: रुग्ण बरोबर, औषध बरोबर, मात्रा बरोबर, मार्ग बरोबर, वेळ बरोबर. त्या रात्रीनंतर औषधांच्या ट्रेपाशी माझा मंत्र हाच. पाच 'बरोबर' पूर्ण झाले, सही झाली, की मग पुढचं. तुमच्या काउंटरवर बंडल हातात असताना तो आकडाच तुमचा जप. त्या वेळी विठ्ठल आठवला नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

मग उरतात त्या दोन कामांमधल्या फटी. मला जे काही मिळालंय ते इथे. आपल्याकडच्या जुन्या रीती बघा, त्या सगळ्या सांध्यांवर बसवलेल्या आहेत. उठताना तळहात बघणं, दार उघडल्यावर सडा, पहिल्या घासाआधी वदनी कवळ, दिवस आणि रात्र जिथे जुळतात तिथे सांजवात. हरिपाठाचा पहिलाच अभंग देवाच्या दारात उभं राहण्याबद्दल आहे आणि तिथे मुदत दिलीय ती क्षणभराची. मी हे कितीतरी वर्षं म्हणत होते, पण 'क्षणभर' हा शब्द ऐकला नव्हता. दार म्हणजे तरी काय, एका जागेतून दुसरीकडे जाताना लागतं ते.

वॉर्डात माझं दार म्हणजे हात धुण्याचं बेसिन. साबणानं नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. तळवे, पाठी, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगट असं सगळं. घाईत सगळ्यांचं ते दहा सेकंदांत उरकतं, माझंही उरकायचं. मी ठरवलं की बेसिनपाशी अकरा वेळा निवांत 'राम कृष्ण हरी' म्हणायचं आणि ते संपेपर्यंत हात नळाखालून काढायचे नाहीत. एका पाळीत बेसिनपाशी वीस-तीस वेळा तरी जाणं होतं. वेगळा वेळ एक मिनिटसुद्धा काढला नाही. आणि खरं सांगू का, यात देवापेक्षा पेशंटचा फायदा जास्त झाला. ताप आलेल्या पेशंटपासून टाके घातलेल्या बाईकडे जाताना मधे एक मिनिट थांबायला मिळायचं. पहिल्याची चिडचिड दुसरीवर निघत नसे. निदान कमी निघत असे.

तुमचा सांधा कोणता ते तुम्हीच शोधायचं. बेसिन तुम्हाला लागू नाही. संगणक सुरू होईपर्यंतचा वेळ असेल, एक खातेदार उठून दुसरा बसेपर्यंतचे पाच सेकंद असतील, लिफ्ट असेल, घराच्या कुलपात किल्ली घालायचा क्षण असेल. हा शेवटचा मला फार मोलाचा वाटतो, कारण बँकेतली तुम्ही आणि आईपणातली तुम्ही तिथे बदलता. एकच धरा. पाच धरलेत तर आठवड्यात सगळे सुटतील, अनुभव आहे.

आता श्रद्धेबद्दल. इथे मला शिकवलं ते पाळी बदलण्यानं. वॉर्डात पाळी संपली की पुढच्या सिस्टरला 'ओव्हर' द्यावी लागते. खाट क्रमांक एकपासून सुरू करायचं, पेशंटपाशी उभं राहून सांगायचं. याला ताप आहे, याचं सलाईन रात्री दोनला संपेल, याचे नातेवाईक भांडकुदळ आहेत, आणि, सगळ्यात अवघड, याचं ड्रेसिंग माझ्याकडून राहिलंय. ओव्हर दिली की वॉर्ड तुमचा नाही. घरी जा, झोपा. नव्या मुलींना हे जमत नाही. घरी जाऊन फोन करतात, "सात नंबरचं लघवीचं माप घेतलंस ना?" मीही करायचे. एकदा माझ्या सीनियर सिस्टर म्हणाल्या, "तू गेल्यावरही वॉर्ड चालतो गं. तुझ्या आधीही चालत होता." तेव्हा अपमान वाटला. नंतर कळलं की याहून सोप्या शब्दांत मला श्रद्धा कुणी सांगितली नव्हती.

तेव्हापासून रात्री अंथरुणावर पडले की विठ्ठलाला ओव्हर देते. प्रार्थना वगैरे म्हणत नाही. एकेक खाट सांगते. थोरल्याची परीक्षा आहे, घाबरलाय. आईचा खोकला वाढलाय. धाकट्या जावेशी आज उगाच तिरकस बोलले, ते राहिलंय, उद्या सकाळी फोन करायचा. गॅसचा नंबर लावायचा राहिला. झालं सांगून, आता वॉर्ड तुझा. ओव्हर खोटी द्यायची नसते, कारण पुढची पाळी त्यावर चालते. म्हणून न झालेलं न झालं म्हणूनच सांगायचं. याचा मला फार उपयोग झाला. दिवसभर जे 'राहिलं, राहिलं' म्हणून टोचत असतं, ते रात्री एकदा सांगून मोकळं होता येतं आणि सकाळी सातला तीच यादी आपल्या हातात परत येते.

२०२० ची आषाढी एकादशी १ जुलैला होती. त्या वर्षी वारी पायी निघालीच नाही, संतांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, मोजकी माणसं सोबत. मी कोविड वॉर्डात होते. पीपीई किट चढवलं की सहा तास पाणी नाही, त्यामुळे निर्जळी एकादशी आपसूक घडली. आमचे हे एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झालेले. टीव्हीवर एसटीत पादुका बघून म्हणाले, "शेवटी आमच्याच गाडीनं गेला ना तुझा देव!" त्या रात्रीच्या ओव्हरमध्ये नावं खूप होती. काही खाटांपाशी सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हा श्रद्धा होती का म्हणाल, तर मला माहीत नाही. ओव्हर दिली, झोपले आणि सकाळी पुन्हा गेले.

आनंदाचं मी वेगळं काढलंय, कारण तुम्ही दोन्ही एकत्र धरताय आणि त्यातून त्रास होतोय. नाव घेतलं की आनंद वाटलाच पाहिजे असं काही नसतं. माझी सलग दोन-तीन वर्षं कोरडी गेली आहेत, नेम चालू आणि आत काही नाही. याउलट आनंद भलत्याच ठिकाणी सापडतो. कृश बाळाच्या हाताची शीर पहिल्या टोचणीत मिळते तेव्हा. तव्यावरून विस्तवावर टाकलेला फुलका टम्म फुगतो तेव्हा, हजारावा असला तरी. एकदा बसस्टँडवर एका अनोळखी बाईनं हाताला धरून पेढा दिला, म्हणे तुम्ही माझ्या बाळंतपणात होतात. मला तिचा चेहरा आठवेना, पेढा मात्र छान होता.

एक सवय मात्र लावून घेतली, त्याचं श्रेय आमच्या ह्यांना. हे देव मानत नाहीत. पूर्वी सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी पैसे लिहून द्यायचा, आठवतं का? उतरताना गडबडीत ते घ्यायचे राहिलेल्या माणसाला शोधत हे अख्खा स्टँड फिरायचे, दीड रुपयासाठी. तर रात्री जेवताना आम्ही एकमेकांना दिवसातली एक गंमत सांगतो. शहाणपणाची नाही, गमतीची. ह्यांच्या गाडीत एका आजीनं कोंबडीला खिडकीची जागा मागितली होती, ती गोष्ट आमच्या घरात अजून सांगितली जाते. रात्री काहीतरी सांगायचंय म्हटल्यावर दिवसा डोळे उघडे राहतात. शिकवणीचंही तसंच. दीड रुपयाच्या मागे धावणाऱ्या माणसाकडून मी प्रामाणिकपणाबद्दल जे शिकले त्यावर ह्यांनी मला एक वाक्यही कधी ऐकवलं नाही.

आता एक इशारा. 'कर्म हीच पूजा' अशी पाटी तुमच्याही बँकेत असेल. सावता माळ्यांचा दाखला देतात, अरणच्या आपल्या मळ्यातच त्यांना विठ्ठल दिसला, कांद्यामुळ्यात दिसला, त्यांना पंढरीला जावं लागलं नाही. खरंच आहे. पण मळा त्यांचा होता. कधी खुरपायचं, कधी पाटाचं पाणी फिरवायचं हे तेच ठरवत होते. चोखोबांच्या वाट्याला काय काम आलं तेही आठवायला हवं. परंपरा सांगते की मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर असताना ती भिंत कोसळून १३३८ मध्ये ते गेले. त्यांची समाधी पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळाबाहेर महाद्वाराशी आहे. अस्पृश्य ठरवलेल्या त्यांच्या लोकांना आत जाता यावं म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. कामात देव शोधणं हे ज्याचं त्यानं स्वतःसाठी करायचं असतं. खुर्चीवरच्या माणसानं ते खालच्याला सांगितलं की त्यातून देव निघून जातो आणि जादा तासांची हजेरी उरते. तुमचे मॅनेजर रात्री आठला ग्रुपवर मेसेज टाकून 'सेवाभाव' म्हणत असतील, तर दिवा लावताना तो फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला अजिबात कचरू नका.

इथवरचं दोन ओळींत सांगायचं तर, पाठ झालेल्या कामात नाव चालतं, लक्षाच्या कामात ते काम हाच जप, आणि दोहोंच्या सांध्यावर एक ठिकाण पकडून क्षणभर थांबायचं. रात्री खरी ओव्हर द्यायची.

राहिला तुमचा थकवा. पत्रात तुम्ही तीनदा "मी कमी पडते" लिहिलंय. पंढरपुरात आषाढीच्या आधी काय करतात माहीत आहे का? देवाचा पलंग काढतात. शेजारती बंद, झोप बंद, चोवीस तास दर्शन चालू. म्हणजे विठोबाची सलग पाळी, तीही उभ्यानं. मग त्याच्या पाठीशी कापसाचा लोड लावतात, टेकायला. आणि वारी संपली की प्रक्षाळपूजा होते, ऊन पाण्यानं स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून रात्री काढा देतात, आणि पलंग पुन्हा जागेवर येतो. अठ्ठावीस युगं उभा असलेला म्हणून ज्याची आपण आरती करतो, त्याचीही पाठ दुखत असेल हे ज्यांनी ओळखलं, ते लोक मला फार शहाणे वाटतात. तुमच्या पाठीशी लोड कोण लावतंय?

त्यात एक नाव मला तुमच्या घरातच दिसतं. सासूबाई. गुडघे बदलल्यावर मांडी घालून खाली बसता येत नाही, म्हणजे देवघर खाली असेल तर त्यांचीही पूजा बंद पडलेली असणार. बाईला दिवसभर खुर्चीत बसवून ठेवलंय, हातात काही नाही, आणि तुम्ही दोघी एकाच गोष्टीला मुकलेल्या आहात. देवघर कमरेच्या उंचीवर घ्या, फळीवर किंवा टेबलावर. समोर हातांची खुर्ची ठेवा. वाती वळायचं, तेल घालायचं, तिन्हीसांजेला दिवा लावायचं काम त्यांना द्या. उपकार म्हणून नको, ओव्हर देतात तसं रीतसर द्या, काडेपेटी कुठे, तेल कुठे, निरांजन घासायचं राहिलंय हे सांगून. मुलाला त्यांच्याजवळ बसवा. त्यांना एखादी ओवी येत असेलच, विचारून बघा. तुम्ही सहाला बँकेतून निघालात आणि साडेसातला किल्ली फिरवलीत, तेव्हा दिवा आधीच लागलेला असेल.